लाईट आली की यंत्र कुणाच्या हुकमानं फिरतं?

आज आपण बोलणार आहोत मोटारीच्या बटणाबद्दल. हसू नका. गटाला पिठाची गिरणी मिळाली, मिरचीचं कांडप आलं, शेवयांचं यंत्र आलं, गोठ्यात कडबाकुट्टी आली, विहिरीवर पंप तर आधीपासून होताच. या सगळ्यांच्या पोटात एकच वस्तू आहे, विजेची मोटार. यंत्र घ्यायला जातो तेव्हा आपण पीठ किती बारीक येतं ते बोटांत धरून बघतो, गॅरंटी किती वर्षांची ते विचारतो, भाव करतो. मोटार चालू-बंद करणारी पेटी कोणती दिली आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. ते वायरमनचं काम असं धरून चालतो. पण बोट कापलं, पदर ओढला गेला, मोटार जळाली, या तिन्ही गोष्टींचं मूळ पुष्कळदा त्या पेटीत सापडतं.

आधी एका प्रश्नाचं उत्तर मनातल्या मनात द्या. यंत्र चालू आहे आणि मध्येच लाईट गेली. यंत्र थांबलं. दहा मिनिटांनी लाईट परत आली. आता तुमचं यंत्र आपोआप फिरायला लागेल, की कुणीतरी बटण दाबेपर्यंत गप्प उभं राहील?

आम्ही गटांच्या बैठकीत हा प्रश्न विचारतो तेव्हा अर्ध्या जणी म्हणतात फिरेल, अर्ध्या म्हणतात नाही, आणि यंत्र एकच असतं! आता बघा, लाईट गेली की आपण करतो काय? हात बांधून तर बसत नाही. कुट्टीत अडकलेला कडबा ओढून काढतो, गिरणीच्या तोंडाशी साचलेलं पीठ झाडतो, शेवयांच्या यंत्राला चिकटलेलं पीठ बोटानं खरवडतो. म्हणजे लाईट परत येते त्या क्षणी आपला हात नेमका यंत्राच्या आत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणून हे उत्तर अंदाजानं देण्यासारखं नाही.

सगळ्यात साधा प्रकार हाताच्या स्विचचा. भिंतीवरचं बटण, नुसता प्लग, फिरवायचा स्विच किंवा हँडल वर-खाली करायचा मेन स्विच. याला स्वतःची अक्कल काही नसते. तुम्ही ठेवाल तिथं तो राहतो. लाईट गेली तरी हँडल ‘चालू’वरच, त्यामुळं लाईट आली की यंत्र फिरलंच. नाव हाताचं आणि वागणं आपोआप, असा हा प्रकार आहे. गोठ्यातल्या पुष्कळ कडबाकुट्ट्या सिंगल फेजवर, नुसत्या प्लगवर चालतात. दोन एचपीची मोटार, समोर जड चाक, चाकाला धारदार पाती, आणि तिला थांबवायला काय, तर हाताला न पोचणारा खांबावरचा प्लग. आमच्या मते गावात असलेल्या यंत्रांमधलं हे सगळ्यात वाईट जोडकाम. लाईट गेली की पहिलं काम हँडल खाली करणं किंवा प्लग उपसून काढणं, मग बाकीचं. हाताचा स्विच असेल तर ही सवय अंगात मुरलेलीच हवी, दुसरा इलाज नाही.

दुसरा प्रकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. हिरवं बटण, लाल बटण, लोखंडी पेटी. स्टार्टर. आत काय चालतं ते एकदा समजून घेऊ, अवघड नाही.

पेटीत तांब्याच्या तारेचं एक गुंडाळं असतं, त्याला कॉईल म्हणतात. हिरवं बटण दाबलं की कॉईलमधून वीज जाते आणि कॉईलचा लोहचुंबक होतो. तो चुंबक समोरची पट्टी ‘खट्ट’ करून ओढतो. पट्टीवर तीन फेजचे तीन संपर्क असतात, ते जुळतात आणि मोटारीला वीज मिळते. आता तुम्ही हिरव्यावरचं बोट काढता, तरी मोटार चालूच राहते. का? कारण पट्टी ओढली गेली तेव्हा एक बारका चौथा संपर्कही जुळला, आणि त्यातून कॉईलला स्वतःपुरती वीज मिळत राहते. आपलं आपण धरून ठेवल्यासारखं. लाल बटण दाबलं की हा धरलेला धागा तुटतो, चुंबक मरतो, पट्टी सुटते, मोटार बंद.

आता लाईट गेली असं समजा. कॉईलची वीजही गेली. चुंबक सुटला, पट्टी खाली पडली. मग लाईट परत आली तरी कॉईलकडं जायचा रस्ता तुटलेलाच आहे. कुणीतरी येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत मोटार जागची हलणार नाही. वायरमन लोक याला ‘नो व्होल्ट कॉईल’ म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, काम लक्षात ठेवा. हुकूम माणसाचाच हवा, विजेचा नाही, असं सांगणारी ती कॉईल आहे.

त्याच पेटीत खाली आणखी एक भाग असतो, ओव्हरलोड रिले. त्यात दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या पाठीला पाठ जोडलेल्या असतात. मोटार जास्त वीज ओढायला लागली की पट्ट्या तापतात. दोन्ही धातू सारखे वाढत नाहीत, म्हणून जोडपट्टी वाकते आणि स्टार्टरला पाडते. जात्यात खडा अडकला, बेअरिंग घट्ट झालं, व्होल्टेज कमी झालं, किंवा तीनपैकी एक फेज गेला, तर मोटार जळण्याआधी ही पट्टी वाकली पाहिजे. एक फेज जातो तेव्हाचा आवाज ओळखायला शिका. मोटार घूं घूं करते, उचलत नाही, पीठ जाडं यायला लागतं. उरलेल्या दोन फेजांवर सगळा भार येतो आणि थोड्या वेळात वाइंडिंग जळल्याचा वास सुटतो.

रिलेवर एक छोटी चकती असते, तिच्यावर अँपिअरचे आकडे असतात. मोटारीवरच्या पत्र्यावर जेवढे अँपिअर लिहिलेत तेवढ्यावर ती चकती लावायची. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर त्याचा हिशेब वेगळा असतो, तो वायरमनकडून करून घ्यावा. पण होतं काय, दुकान भरलेलं असतं, डबे घेऊन बाया खोळंबलेल्या असतात, स्टार्टर सारखा पडत असतो. मग कुणीतरी पेचकस घेऊन चकती पुढं सरकवतं. स्टार्टर पडायचा थांबतो आणि सगळे खूश होतात. वायरमन भाऊ आमच्यावर रागावतील, पण सांगतो, हे काम काही वेळा तेच करतात. पडणारा स्टार्टर म्हणजे ओरडणारं बाळ. तोंड दाबून त्याचं दुखणं जात नाही.

मोठ्या गिरणीला, दहा एचपीच्या आसपास मोटार असेल तर, बहुधा स्टार-डेल्टा स्टार्टर असतो. मोटार थांबलेल्या अवस्थेतून उठते तेव्हा नेहमीच्या सहापट वीज ओढते. ढकलगाडी पहिल्यांदा हलवताना जोर लागतो ना, तसंच. स्टार-डेल्टामध्ये मोटार आधी कमी जोरावर उठवतात. त्यामुळं सुरुवातीची ओढ एक तृतीयांशावर येते. पण मोटारीचं बळही तेवढंच, एक तृतीयांश असतं. म्हणूनच दुसरा ‘खट्ट’ आवाज येऊन मोटार पूर्ण वेग घेईपर्यंत धान्य सोडायचं नाही. आधीच दाणे सोडून ठेवलेत आणि मग बटण दाबलं, तर मोटार अर्ध्यात दमते.

आता तिसरा प्रकार, आणि याच्यावर गावात सगळ्यात जास्त भांडणं होतात. ऑटो स्विच.

शेतीच्या पंपाला लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्री बाराला येणार, एकला गेली, परत तीनला आली. अंधारात ओढ्याकाठानं विहिरीवर जायचं, साप-विंचू, आता बिबट्याचीही भीती. म्हणून पेटीत एक छोटं यंत्र बसवून घेतात. लाईट आली की ते हिरव्या बटणाचं काम आपणच करतं. ज्यांनी बसवलं त्यांना आम्ही शहाणपण शिकवणार नाही. रात्री मालक विहिरीवर जातो तेव्हा घरात जागत कोण बसतं, हे आपल्यालाच ठाऊक. पण याची दुसरी बाजू आकड्यांत बघू या.

पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते. उठताना त्याच्या सहापट, म्हणजे पंचेचाळीस. समजा तुमच्या शिवारातली डीपी ६३ केव्हीएची आहे. तिची पूर्ण ताकद दर फेजला साधारण ८५ अँपिअर. तिच्यावर असे १० पंप आहेत. सगळे चालू असताना ७५ अँपिअर, डीपी कशीबशी का होईना, वाहून नेते. माणसं एकेक करून पंप चालू करतात तेव्हा नऊ चालू आणि दहावा उठतोय, तरी १०० च्या थोडं वर, तेही काही सेकंद. डीपी ते सोसते. पण दहाच्या दहा पंपांना ऑटो स्विच असेल, तर लाईट आल्याबरोबर दहाही मोटारी एकदम उठतात. दहा गुणिले पंचेचाळीस, ४५० अँपिअर. ८५ च्या डीपीवर!

इथं आणखी एक गंमत होते, पण गंमत रडवणारी. एवढी ओढ पडली की व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज निम्मं झालं की मोटारीचं बळ निम्मं होत नाही, पाव होतं. पाव बळात मोटारी उठतच नाहीत, घुमत राहतात आणि उठायची ती जास्तीची वीज ओढतच राहतात. मग डीपीचा फ्यूज उडतो. तो जाड तार घालून पुन्हा बांधतात. पुढच्या वेळी फ्यूज उडत नाही, डीपीच जळते. नवी डीपी येईपर्यंत दहाही जणांचं पीक वाळतं, आणि वस्तीवरचं प्यायचं पाणीही त्याच डीपीवर असेल तर हंडा कुणाच्या डोक्यावर येतो ते सांगायला नको. महावितरण दरवर्षी ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं सांगतं, ते याच कारणानं. कपॅसिटर योग्य मापाचा आणि चालू असेल तर मोटार तेच काम कमी अँपिअरमध्ये करते.

अडचण अशी की एकट्यानं ऑटो काढून भागत नाही. तुम्ही काढला, शेजारच्या नऊ जणांनी ठेवला, तर डीपी जळायची ती जळतेच, वर तुमचं पाणीही मागं राहतं. म्हणून डीपीवरच्या सगळ्या घरांनी एकत्र बसून ठरवावं लागतं, आणि ही बैठक गटानं बोलावली तर होते, असा आमचा अनुभव आहे. पुरुष मंडळी जुन्या बांधाच्या भांडणामुळं एकमेकांच्या ओट्यावर जात नाहीत, बाया मात्र गटाच्या बैठकीला एकाच सतरंजीवर बसतात. अगदीच ऑटो हवा असेल, तर उशिरानं उठवणारा टायमर मिळतो. एकाचा दोन मिनिटांनी, दुसऱ्याचा चार मिनिटांनी, तिसऱ्याचा सहा, असं वाटून घेतलं की मोटारी रांगेनं उठतात. रेशनच्या रांगेसारखं. फक्त रांग मोडून कुणी पुढं घुसू नये, एवढं बघायला लागतं.

ऑटो म्हणजे सगळं वाईटच, असंही नाही. गावच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट स्विच असतो, पाण्यावर तरंगणारा गोळा. टाकी भरली की गोळा वर येतो आणि मोटार बंद होते, पाणी खाली गेलं की चालू होते. पाणी वाहून गटारात जात नाही, कुणाला राखण बसावं लागत नाही. बोअरची पाणबुडी मोटार तर भोवतालच्या पाण्यानंच थंड राहते. पाणी संपलं आणि मोटार कोरडी फिरत राहिली की ती खराब होते. कोरडी मोटार ओझं नसल्यामुळं कमी वीज ओढते, आणि ते ओळखून मोटार बंद करणारी पेटी मिळते. उन्हाळ्यात बोअर आटणाऱ्या गावात ही पेटी मोटारीच्या रिवाइंडिंगचा खर्च वाचवते. बंद करायला ऑटो जरूर वापरा, असं आमचं म्हणणं. चालू करायला वापरताना दहा वेळा विचार करा. आणि ज्या यंत्रात हात जातो त्याला, म्हणजे कुट्टी, गिरणी, कांडप, शेवया, मळणी यांतल्या कशालाही, आपोआप चालू करणारा स्विच कधीही लावू नका. कुणी फुकट दिला तरी नको. मळणीयंत्रावर माणसांचे हात जात होते, म्हणून १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा केंद्रीय कायदा करावा लागला, एवढं लक्षात असू द्या.

आता मोबाईलचा स्टार्टरही आला आहे. विहिरीवरच्या पेटीत सिम कार्ड, घरून फोन लावला की मोटार चालू. रात्रीच्या अंधारात जाण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, आणि हुकूम माणसाचा राहतो. पण तो माणूस विहिरीजवळ नसतो. पोरगं पुण्याला नोकरीला आहे, ते तिथून बटण दाबतं, आणि इकडं त्याचा बाप फूटव्हॉल्व्हमधला गाळ काढायला विहिरीत उतरलेला असतो. म्हणून विहिरीत उतरण्याआधी किंवा पंपाला हात लावण्याआधी फोनवर सांगितलं एवढ्यावर भागवायचं नाही. पेटीचा मेन स्विचच पाडायचा. गावच्या पाणीपुरवठ्याच्या पेटीवर ‘हात – बंद – ऑटो’ असा तीन जागांचा स्विच असतो, तिथंही तेच. मोटार थांबलेली दिसते म्हणजे ती बंद आहे असं नाही. ऑटोवर असेल तर ती नुसती वाट बघत असते. टाकीतलं पाणी उतरलं की उठेल.

मग यंत्र साफ करताना करायचं काय? आधी लाल बटण. मग मेन स्विचचं हँडल खाली. हँडल खाली केल्यावरच फ्यूजच्या ग्रिपा काढायच्या आणि त्या स्वतःजवळ ठेवायच्या. आम्ही काही गटांत त्यासाठी कापडी पिशवी शिवून दिली आहे, किल्ल्यांच्या जुडग्यासारखी कमरेला खोचायची. जिचा हात यंत्रात, तिच्याच कमरेला ग्रिपा. दुसरीच्या हातात द्यायच्या नाहीत, कपाटावर ठेवायच्या नाहीत. मग हिरवं बटण एकदा दाबून बघायचं, यंत्र हललं नाही म्हणजे खरंच मेलं आहे. आणि चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. वीज बंद केली म्हणजे चाक थांबलं असं होत नाही. कडबाकुट्टीचं जड चाक वीज गेल्यावरही कितीतरी वेळ फिरत राहतं, आवाज न करता. मोटारीचा आवाज बंद झाला म्हणून हात घातला आणि पात्यांनी घात केला, असं याच कारणानं होतं. अडकलेलं काढायला लाकडी दांडकं जवळ ठेवा. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, पट्ट्यावर जाळीचं झाकण, हे तुम्हाला माहीत आहे. पण लग्नसराईत मिरचीचा ढीग पडतो तेव्हा झाकण बसवायला वेळ नाही म्हणून ते कोपऱ्यात पडून असतं, हेही आम्ही बघितलं आहे.

नवीन यंत्र घेताना एक वस्तू हट्टानं मागून घ्या. छत्रीसारखं मोठं लाल बटण, थांबवायचं. दाबलं की ते आत अडकून बसतं, फिरवल्याशिवाय सुटत नाही. खर्च काही शे रुपयांचा. पण ते कुठं बसवायचं हे दुकानदारावर सोडू नका. यंत्रासमोर उभ्या राहा, उजवा हात अडकला असं समजा, आणि डाव्या हातानं कुठपर्यंत पोचता येतं ते बघा. मग डावा अडकला असं समजून बघा. गुडघ्यानं किंवा कुशीनं ढकलता येईल अशी जागा सगळ्यात चांगली. गटातली सगळ्यात बुटकी बाई उभी करून माप घ्या. उंच वायरमनच्या खांद्याला लागेल इतक्या उंचीवर लावलेलं बटण काय कामाचं?

आणखी एक. डीपी दुरुस्त होऊन आली की पहिल्या दिवशी यंत्र रिकामं चालवून बघा. खांबावर दोन फेजांची अदलाबदल झाली असेल तर मोटार उलटी फिरते. पंप फिरतो पण पाणी नीट येत नाही, गिरणी फिरते पण पीठ पडत नाही. मोटार बिघडली म्हणून ती खोलायला घेऊ नका. वायरमनला बोलवा, तो दोन तारा बदलेल आणि काम होईल.

या आठवड्यात गटाच्या यंत्रावर एक तपासणी करा, वायरमनला शेजारी उभं करून. यंत्र रिकामं आहे, झाकणं लावलेली आहेत, सगळ्या जणी दोन हात लांब उभ्या आहेत. यंत्र चालू करा. वायरमननं मेन स्विच पाडायचा, चाक पूर्ण थांबू द्यायचं आणि मेन स्विच पुन्हा चढवायचा. यंत्र गप्प राहिलं तर तुमचा स्टार्टर ठीक आहे. ते आपोआप फिरलं तर पेटी उघडायला लावा. कुठं ऑटो जोडलेला आहे का, हिरव्या बटणाच्या तारा पिळून एकत्र बांधल्या आहेत का, की संपर्क चिकटून बसले आहेत, ते त्याला शोधू द्या. तोवर त्या यंत्रावर दळण घेऊ नका.